बरे दिसणारे मूल आणि अपुरा राहणारा उपचार

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील एक विद्यार्थी दोन महिने महाविद्यालयात फिरकला नाही. परत आला तेव्हा कळले, की त्याच्या पाच वर्षांच्या धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग झाला आहे. आईवडील त्याला घेऊन मुंबईत परळला राहिले होते आणि मागे म्हातारी आजी, गुरे व घर यांचा सारा भार या मुलावर पडला होता. पहिल्या महिन्याच्या औषधांनी भावाचा ताप हटला, अंगावरचे काळेनिळे डाग गेले, तो खाऊपिऊ आणि खेळू लागला. मुलगा बरा झाला असे गावाने ठरवून टाकले. देवापुढे नारळही ठेवला. डॉक्टर मात्र त्यानंतरही त्याच्या पाठीच्या कण्यात सुई घालून औषध सोडत राहिले आणि उपचार दोन-अडीच वर्षे चालेल, असे सांगू लागले. "बऱ्या झालेल्या झिलाच्या पाठीत सुयो कित्याक मारतत?" असा आजीचा प्रश्न होता. नातवापाशी त्याचे उत्तर नव्हते आणि त्या दिवशी त्याच्या अध्यापकापाशीही नव्हते.

हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असे कोणी समजू नये. ज्या घराने दागिने मोडून मुंबई गाठली, त्या घराने पुढचा खर्च कशासाठी करावयाचा हे विचारलेच पाहिजे. वैद्यकशास्त्राने या प्रश्नाचे उत्तर गेल्या पाऊणशे वर्षांत फार मोठी किंमत देऊन मिळविले आहे. ते नीट समजून घेतले, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या आरोग्यव्यवस्थेत नेमकी उणीव कोठे आहे तेही ध्यानात येते. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने वैद्यकाच्या प्रांतात पाऊल टाकण्याचे धाडस करावे ते एवढ्याचसाठी.

तटबंदीच्या आत शिरलेला शत्रू

मुलांना होणाऱ्या कर्करोगांत रक्ताचा कर्करोग सर्वाधिक आढळतो आणि त्यातही लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा प्रकार प्रमुख आहे. दोन ते पाच या वयात त्याचे प्रमाण विशेष असते. हाडांच्या पोकळीतील मज्जेत आपले रक्त तयार होते. तेथे पांढऱ्या पेशींची एक अपक्व जात बेसुमार वाढते आणि निरोगी पेशींना जागा उरत नाही. तांबड्या पेशी घटल्या की मूल पांढरेफटक पडते, रक्त गोठविणाऱ्या पेशी घटल्या की अंगावर डाग उठतात आणि रोगाशी झुंजणाऱ्या पेशी घटल्या की ताप हटत नाही.

१९४८ साली बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन या औषधाने अशा मुलांचा रोग काही काळ मागे हटतो, हे दाखवून दिले. ज्या संशोधनातून हे औषध आणि पुढे मेथोट्रेक्झेट निर्माण झाले, त्याचे प्रमुख आंध्रातील भीमावरमचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव होते, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. पण रोग हटे तो महिन्यांपुरताच. नवी औषधे आली, मुले अधिक काळ जगू लागली, तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसू लागली. अस्थिमज्जा तपासावी तर स्वच्छ. आणि मूल मात्र डोकेदुखी, सकाळच्या उलट्या, डोळ्याचा तिरळेपणा किंवा झटके घेऊन परत येई. रोगाने मेंदू व मज्जारज्जू यांच्या आवरणांत पुन्हा डोके वर काढलेले असे.

सिंधुदुर्ग किल्ला रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या मालवणकरांना हा प्रकार समजणे अवघड नाही. १६६४ साली शिवछत्रपतींनी ज्याच्या बांधकामाला आरंभ केला, त्या या किल्ल्याचा महादरवाजा तटाच्या वळणांत असा दडविला आहे, की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. मेंदूभोवती निसर्गानेही अशीच तटबंदी उभारली आहे. प्राण्याच्या रक्तात रंग सोडला तर इतर सर्व अवयव रंगतात, मेंदू मात्र कोरा राहतो, असे पॉल एर्लिख यांना १८८५ साली आढळले होते. रक्तातील विषे मेंदूपर्यंत पोचू नयेत यासाठी ही व्यवस्था आहे. परंतु तीच तटबंदी कर्करोगावरील बहुतेक औषधांनाही बाहेर थोपवून धरते. आत शिरलेल्या पेशींना त्यामुळे आयताच आश्रय मिळतो. शिरेतून दिलेले औषध शरीरभर फिरते, मज्जा स्वच्छ करते आणि मेंदूच्या तटापाशी जवळजवळ थांबते.

मग या पेशी आत जातात तरी कशा? या रोगाने दगावलेल्या मुलांच्या शवविच्छेदनांचा अभ्यास अमेरिकेत १९७३ साली प्रसिद्ध झाला. मेंदूच्या आवरणांतील वरवरच्या शिरांच्या भिंतींत प्रथम या पेशी जमतात आणि तेथून त्या खोल पसरतात, असे त्यात दिसले. २०१८ साली ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून याहून नेमकी वाट दाखविली. कवटी व मणके यांच्या मज्जेतून मेंदूच्या आवरणांकडे थेट जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या असतात. या पेशी त्या वाहिन्यांच्या आत न शिरता बाहेरच्या अंगाला धरून सरकत जातात. त्यासाठी लागणारी पकड त्यांच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनात असते. दोरीला धरून माणसाने तट चढावा, तसा हा प्रकार आहे. सर्व मार्गांचा उलगडा झाला असे नाही. पण एक गोष्ट पक्की झाली आहे. रोगाचे निदान होते त्या वेळी मणक्यातील पाणी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तर शंभरांतील मोजक्याच मुलांत या पेशी सापडतात. तरीही मेंदूसाठी वेगळा उपचार केला जात नव्हता त्या काळात, निम्म्याहून अधिक मुलांचा रोग तेथेच उलटत असे. ज्यांच्या पाण्यात काहीच दिसले नव्हते, त्यांच्यातल्या पुष्कळांच्या मेंदूच्या आवरणांत पेशी आधीपासूनच दबा धरून बसल्या होत्या, एवढाच याचा अर्थ.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. शिरेतले औषध जेथे पोचत नाही तेथे ते पोचविण्यासाठी मणक्यात सुई घालावी लागते. मूल बरे दिसत असतानाच ती घालावी लागते; कारण ते पुन्हा आजारी दिसू लागले, की उशीर झालेला असतो.

एका उपायाची किंमत

हा विचार प्रथम नेटाने अमलात आणला तो अमेरिकेतील मेंफिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयात डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी. हे रुग्णालय १९६२ साली उघडले तेव्हा अशा शंभर मुलांपैकी चार जगत. पिंकेल यांनी १९६७ च्या सुमारास सुरू केलेल्या पद्धतीत मेंदूवर क्ष-किरणांचा मारा आणि मणक्यात मेथोट्रेक्झेट यांची जोड दिली. त्या मुलांपैकी सुमारे निम्मी कायमची बरी झाली. ल्युकेमिया बरा होऊ शकतो, हे वाक्य वैद्यकाच्या पुस्तकात लिहिता आले ते तेव्हापासून.

पण या यशाचे देणे पुढे फेडावे लागले. ज्यांच्या कोवळ्या मेंदूवर किरण पडले त्यांच्यापैकी कित्येक मुले शाळेत मागे पडू लागली, त्यांची उंची खुंटली, काहींना मोठेपणी मेंदूत दुसरी गाठ झाली. म्हणून किरणांची मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आली. मणक्यातून द्यावयाचे औषध आणि शिरेतून मोठ्या मात्रेने द्यावयाचे मेथोट्रेक्झेट यांवर अधिक भर देण्यात आला. त्याच रुग्णालयात २००० ते २००७ या काळात ४९८ मुलांवर प्रतिबंधक किरणोपचार पूर्णपणे टाळून उपचार झाले. पाच वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण शेकडा ९३.५ भरल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. किरणांची जागा कोणत्याही एका चमत्कारी औषधाने घेतलेली नाही. वेळेवर, कुशल हाताने आणि न चुकता दिलेली मणक्यातील औषधे, रक्ताच्या वारंवार तपासण्या आणि संसर्ग झाल्यास तत्काळ इलाज यांनी ती घेतली आहे. म्हणजे मुलाच्या बुद्धीला इजा न पोचविणारा उपचार हा अधिक शिस्तीचा व अधिक फेऱ्यांचा उपचार असतो. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा येथेच आहे.

परळची कामगिरी आणि तिची मर्यादा

आपल्याकडे या लढाईचे मुख्य ठाणे परळचे टाटा स्मारक रुग्णालय. १९४१ साली ते उघडले आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या कारभाराखाली आहे. १९८० च्या आधी भारतातील मोठ्या केंद्रांतही अशा शंभर मुलांपैकी वीसच्या आसपासच वाचत. १९८४ पासून मुंबईचे टाटा रुग्णालय, चेन्नईची कर्करोग संस्था आणि दिल्लीचे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थान यांनी अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने 'एमसीपी ८४१' नावाची एकच उपचारपद्धती स्वीकारली. आपल्या देशात उपलब्ध असलेली, परवडणारी औषधे आणि मेंदूसाठी वेगळा उपचार ही तिची वैशिष्ट्ये होत. मुंबईत डॉ. सुरेश अडवाणी यांचा या कामात मोठा वाटा होता. चौदा वर्षांच्या अनुभवाचा ताळेबंद २००५ साली मांडण्यात आला, तेव्हा चार वर्षे रोग न उलटता राहिलेल्यांचे प्रमाण निरनिराळ्या केंद्रांत शेकडा ४५ ते ६० पर्यंत गेलेले दिसले. परदेशांतील आकडे याहून पुढचे होते खरे. परंतु वीसवरून येथवर येणे ही लहान गोष्ट नव्हे.

उरलेले अंतर का राहिले, याची चिकित्सा केली तर रोगाच्या क्रूरतेखेरीज आणखी दोन कारणे हाती लागतात. एक, उपचारांच्या काळात प्रतिकारशक्ती खालावलेली असताना झालेले संसर्ग. दुसरे, उपचार अर्धवट सोडून जाणे. दुसऱ्या कारणाचे गांभीर्य ओळखून टाटा रुग्णालयाने मुलांच्या कुटुंबांना पैसा, निवारा व समुपदेशन पुरविणारी स्वतंत्र यंत्रणा उभी केली. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून अशा कुटुंबांना मोफत राहण्याची सोय देते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा तर कर्करोग्यांच्या कित्येक पिढ्यांना ठाऊक आहे. या प्रयत्नांनी मुंबईत उपचार सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण पुष्कळ उतरले. परंतु परळची कोणतीही संस्था कितीही झटली, तरी मालवणच्या घरात कोसळलेला हिशेब तिला सावरता येत नाही.

हिशेबात न धरलेला खर्च

हा हिशेब थोडा उलगडून पाहू. या रोगावरील जुनी, मूलभूत औषधे महाग नाहीत. शासनाची २०१२ साली सुरू झालेली आणि आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना रुग्णालयातील खर्चाचा मोठा भाग उचलते. २०२३ मध्ये तिची मर्यादा पाच लाखांपर्यंत वाढविण्याचा निर्णयही झाला. रेल्वे कर्करोग्याला व त्याच्या सोबत्याला भाड्यात सवलत देते. कागदावर पाहता मग उणीव काय उरली?

उरतो तो खर्च कोणत्याही पावतीवर येत नाही. बाप मच्छीमार असेल तर तो मुंबईत असताना होडीवर जात नाही. जात नाही त्या दिवसाचा वाटा मिळत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असल्याने घरात आधीच पैसा नसतो आणि रोग काही हंगाम पाहून येत नाही. आंबा-काजूच्या बागेत मजुरी करणाऱ्याची वर्षाची कमाई दोन-तीन महिन्यांची. नेमक्या त्याच महिन्यांत तारीख पडली, की वर्ष हातचे गेले. आई परळला असते, तेव्हा थोरल्या मुलीची शाळा सुटते. अर्थशास्त्रात याला संधीची किंमत म्हणतात. पाठ्यपुस्तकात ती एका परिच्छेदात आटोपते. येथे ती एक अख्खे घर भरत असते.

यात एक ऐतिहासिक बदलही झाला आहे, ज्याची नोंद आरोग्याच्या चर्चेत कधी होत नाही. टाटा रुग्णालय उभे आहे ते गिरणगावाच्या मध्यावर. एके काळी परळ, लालबाग, शिवडी येथील चाळींत कोकणातल्या गावागावाच्या खोल्या होत्या. दहा-वीस गाववाले पाळीपाळीने तेथे झोपत, खानावळीत जेवत आणि गिरणीत जात. गावाहून कोणी रुग्ण आला, तर त्याची वळकटी त्या खोलीत पडे. सोबतीला भाऊबंद असत, भाषा आपली असे आणि रुग्णालय पायी जाण्याच्या अंतरावर. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून मिटल्या. चाकरमानी नालासोपारा, डोंबिवली, दिव्याकडे पांगला. पुष्कळजण गावी परतले. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. कोकणी रुग्णाची ही बिनखर्चाची, कोणत्याही योजनेत न लिहिलेली विमाव्यवस्था त्याबरोबर नाहीशी झाली. १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली आणि मुंबई वेळेने जवळ आली. मुक्कामाच्या दृष्टीने मात्र ती दूर गेली होती.

जवळचा पर्याय म्हणजे गोव्यातील बांबोळी. दक्षिण सिंधुदुर्गातील माणूस आजारी पडला की पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच वळत आला. १ जानेवारी २०१८ पासून तेथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले. गोव्याच्या करदात्याच्या बाजूने पाहता तो निर्णय अगदीच अन्यायाचा म्हणता येणार नाही. पण आपल्या जिल्ह्याचे आरोग्य आपण किती काळ शेजारच्या राज्याच्या औदार्यावर सोपविले होते, हे त्या दिवशी उघड झाले.

जे घर या साऱ्या ओढाताणीत पिचले आहे, त्याच्यासमोर महिन्याभरानंतर हसते-खेळते मूल उभे असते. 'आता पुरे' म्हणण्याचा मोह तेव्हा होतो. तो मोह मायेच्या अभावातून येत नाही. डोळ्यांना दिसणारा लाभ पदरात पडला आहे आणि पुढचा लाभ दिसत नाही. खर्च मात्र रोज दिसतो. अशा स्थितीत शहाणा माणूसही हात आखडता घेतो.

जिल्ह्याने उचलावयाचा वाटा

सगळाच उपचार मालवणात किंवा ओरोसला करा, असे कोणी म्हणणार नाही. निदान, पहिल्या महिन्यातील तीव्र उपचार आणि विशेषतः मणक्यातील पहिली सुई ही अनुभवी हातांचीच कामे आहेत. पहिल्याच वेळी सुई चुकून रक्तवाहिनीला लागली आणि रक्तात रोगपेशी असल्या, तर त्या मणक्यातील पाण्यात उतरण्याचा धोका असतो. याच रोगावर शिरेतून दिले जाणारे व्हिन्क्रिस्टिन चुकून मणक्यात गेले, तर मूल दगावते. असे अपघात जगभर घडले आहेत. तेव्हा ही कामे परळसारख्या केंद्रातच व्हावीत.

परंतु दोन-अडीच वर्षांच्या उपचारातील बराच मोठा काळ हा तोंडाने घ्यावयाच्या गोळ्यांचा असतो. रोज मर्कॅप्टोप्युरिन, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट, मधूनमधून रक्ततपासणी आणि तिच्यानुसार मात्रेत फरक, असा तो क्रम. सिंधुदुर्गात २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मालवणहून ओरोस तीसेक किलोमीटर, परळ सुमारे पाचशे. रक्तगणना ओरोसला करून तिचा आकडा परळच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळविणे, गोळ्यांचा पुरवठा तेथून करणे, गरज पडल्यास रक्त व रक्तघटक देणे, आणि ताप आलेल्या मुलाला रांगेत न बसविता तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू करणे, एवढी चार कामे जिल्ह्याने पत्करली तरी मुंबईच्या कित्येक फेऱ्या वाचतील. शेवटचे काम तर जीव वाचविणारे आहे. अशा तापात रात्रभराचा प्रवास मुलाला सोसत नाही. पुढे एखाद्या बालरोगतज्ज्ञाला परळला रीतसर शिक्षण देऊन मणक्यातील नंतरची औषधेही येथे देता येतील. मात्र ते काम घाईने उरकण्याचे नव्हे. नवी प्रतिपिंड-औषधे आता आली आहेत आणि मज्जेतील रोगावर त्यांचा चांगला उपयोग होत आहे. पण त्यांनीही मणक्यातील औषधाची गरज संपविलेली नाही.

यावर आक्षेप येईल तो संख्येचा. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या साडेआठ लाख. अशी मुले वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघतील. त्यांच्यासाठी यंत्रणा उभारणे परवडेल काय? प्रश्न रास्त आहे. परंतु ज्या चार कामांचा उल्लेख वर केला, त्यांसाठी नवे काहीच उभारावयाचे नाही. रक्तगणनेचे यंत्र, रक्तपेढी, बालकांचा विभाग हे सारे डेंग्यू, लेप्टो आणि २०१६ पासून आपल्या जिल्ह्यात शिरलेला माकडताप यांसाठी लागतेच. त्यांवर पडणारा अधिक भार नाममात्र आहे. लागतो तो एक जबाबदार माणूस, एक नोंदवही आणि परळशी बांधलेला दूरध्वनीचा दुवा. असे दुवे बांधण्यासाठीच २०१२ साली राष्ट्रीय कर्करोग जाळे स्थापन झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली मुलांच्या कर्करोगात निदान शेकडा साठ मुले २०३० पर्यंत वाचवावीत, असे उद्दिष्ट ठेवले आणि त्यासाठी निवडलेल्या सहा रोगांत या ल्युकेमियाचा समावेश केला. ते उद्दिष्ट गाठावयाचे तर जिल्ह्यांना आपापला वाटा उचलावाच लागेल. मुंबईत खाटा वाढवून त्याची भरपाई होणार नाही.

दुसरी मागणी पैशाची आहे. आरोग्य योजनेच्या रकमेतून रुग्णालयाला पैसे मिळतात; कुटुंबाच्या बुडालेल्या मजुरीचा त्यात विचार नाही. उपचाराच्या प्रत्येक तारखेला मूल हजर राहिले, की त्या फेरीचा प्रवास आणि सोबत्याची किमान मजुरी थेट घराच्या खात्यात जमा व्हावी. मुले थोडी आहेत, हाच येथे शासनाच्या सोयीचा मुद्दा ठरतो. जिल्हा नियोजनाच्या रकमेत हा खर्च सहज सामावेल. मुले थोडी म्हणून त्यांच्या आईबापांचा मोर्चा निघत नाही, ही गोष्ट अर्थात वेगळी. पुलाचे आणि जेट्टीचे काम मागणारे पुष्कळ असतात. या मुलांसाठी मागणारे कोणी नसल्याने हे बोलण्याची जबाबदारी आपणा शिक्षकांवर, नोकरदारांवर येते.

आणि तिसरी गोष्ट विनाखर्चाची आहे. ज्या दिवशी मुलाचा ताप हटतो आणि गाव नारळ ठेवतो, त्या दिवशी त्या घरात कोणीतरी जाऊन बसले पाहिजे. गावची आशाताई असो, शाळेचे गुरुजी असोत वा ओरोसचा तरुण डॉक्टर असो. दिसत नसलेला रोग कोठे दडला असू शकतो आणि पाठीतली सुई त्याच्यापर्यंत कशी पोचते, हे त्याने आजीला तिच्या मालवणीत समजावून द्यावे. समोरचा किल्ला दाखवून सांगितले तर तिला ते सहज पटेल. आज हे सांगणारे माणूस पाचशे किलोमीटरवर आहे, आणि तेथेही त्याच्यापुढे दिवसभराची रांग उभी आहे.